मातामायची पाठ

पौषात लग्न म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते, आणि प्रेमदासला ती पाडायचीच होती. नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतरचा हा दुसरा हिवाळा. देव गेले, मुहूर्त गेले, मग एकट्या पौषानंच काय घोडं मारलं, असं त्यानं कवडूमामाला ठणकावून विचारलं होतं. मामा भोळा माणूस. भाच्याच्या शब्दाखातर त्यानं आपल्या मीराचं लग्न भर पौषात धरलं, तेही नव्या रीतीनं. लग्न लावायला प्रेमदास.

मामाचं गाव सालईखेडा, हिंगणीच्या पुढं डोंगर ओलांडून. तिथं असलं लग्न कोणी पाहिलेलं नव्हतं आणि बुद्धवंदना कोणाला येत नव्हती. वस्तीतले म्हातारे श्रावणबाबा यांनी दीक्षा घेतली होती खरी, पण पौषातलं लग्न त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. त्यांनी मामाला बजावून ठेवलं होतं, "तुहा भाचा टायमावर आला तं ठीक. नाई आला तं माघ लागू दे, मंग जुन्या रीतीनं उरकून टाकू." म्हणजे प्रेमदास पोचला तर लग्न होणार, आणि नाही पोचला तर लग्न मोडणार नाही, पण त्यानं वर्षभर लोकांना जे जे सांगितलं ते सगळं त्या एका दिवसात मोडणार. हे त्याला चांगलं ठाऊक होतं. म्हणून तो दोन दिवस आधीपासून घाईत होता, आणि घाईत असला की तो फार शहाणा होई.

निघायच्या सकाळी नालवाडीच्या घरी मायनं वाट सांगितली. तिचे गुडघे धरले होते, नाहीतर दर खेपेसारखी तीच पुढं झाली असती; पोरांनी नुसतं तिच्या मागं चालायचं. "हिंगणीहून नाला धरजो. वाघदेव लागला का त्याच्या उजव्या अंगानं वळजो. मंग चढण. वर मातामाय बसली हाय. तिची पाठ जिकडं, गाव तिकडं. बस, उतरून जाजो."

त्या भागातल्या मातामाया, म्हणजे गावदेवीचे शेंदरी दगड, गावाकडं पाठ करूनच बसतात. गाव राखायचं तर तोंड बाहेर हवं, असा सरळ हिशेब. पण प्रेमदासला हिशेब ऐकायचा नव्हता.

"माय, तू अजून त्याहीचे नावं घेतं?"

"मंग कोणाचे घेऊ? जंगलात का पाट्या लावल्या हायेत?"

या बाईनं घरातले देव स्वतःच्या हातानं टोपलीत भरून पवनारला धाम नदीत सोडले होते आणि परत येऊन निमूटपणे भाकरी थापायला बसली होती. तिला कशाचं काही वाटत नव्हतं. प्रेमदासला मात्र सगळ्याचंच वाटत होतं.

निघाली तिघं भावंडं. सगळ्यांत मोठी अन्नपूर्णा, नाचणगावला दिलेली, लग्नासाठी माहेरी आलेली. मधला प्रेमदास. शेंडेफळ लहानू, जो अंगापिंडानं दोघांपेक्षा थोराड झाला होता आणि नुकताच गिरणीत लागला होता. अन्नपूर्णेकडं भाकरी, ठेचा आणि गुळाचा खडा. प्रेमदासकडं कापडात गुंडाळलेला बाबासाहेबांचा फोटो आणि नवरीचं पांढरं लुगडं. लहानूकडं मायनं बळंच दिलेली जाड घोंगडी.

हिंगणीला मोटारीतून उतरले तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. लहानूला घोंगडी जड झाली. "संध्याकाळपर्यंत मामाच्या घरी राहू, हे ओझं काहाले?" म्हणत त्यानं ती चहाच्या टपरीवाल्याकडं ठेवून दिली. प्रेमदासला घोंगडीचं काही नव्हतं. त्याचं लक्ष अन्नपूर्णेकडं होतं. गावकुसाला एक शेंदराचा दगड होता, आणि त्याच्यासमोरून जाताना तिचा हात सवयीनं कपाळाकडं गेला.

"बाई," तो भर रस्त्यात म्हणाला, "बावीस प्रतिज्ञा काय तोंडानं म्हणायच्या होत्या का नुसत्या?"

टपरीवरच्या लोकांनी माना वळवल्या. अन्नपूर्णेनं हात खाली घेतला. या भावाला तिनं कडेवर वागवला होता, त्याचा शेंबूड पुसला होता, आणि तो आज चार माणसांत तिला शिकवत होता. तिनं पदर खोचला आणि चालू लागली. ती रागावली की अशीच गप्प व्हायची, आणि तिचं गप्प बसणं हे दुसऱ्याच्या आरडाओरड्याहून महाग पडायचं.

प्रेमदासला आपण जास्त बोललो हे लगेच कळलं होतं. पण त्याला वेगळीच धाकधूक होती, आणि ती त्यानं कोणालाच सांगितली नव्हती. लहानपणी त्याला देवी आल्या होत्या. मायनं त्याला डोंगरावरच्या त्या मातामायपुढं आणून घातलं होतं. तो जगला, आणि तेव्हापासून आजोळी जाताना दर खेपेला त्यानं त्या दगडापुढं हात जोडले होते. आता मन सुटलं होतं, हात सुटले नव्हते. मागच्या महिन्यातच वर्ध्याच्या बाजारात एका देवळासमोर त्याचा उजवा हात आपोआप वर गेला होता, आणि शेजारी ओळखीचा माणूस दिसल्यावर त्यानं डोकं खाजवल्यासारखं केलं होतं. उद्या लग्न लावणारा माणूस आज शेंदरापुढं हात जोडताना दिसला तर? लहानूनं पाहिलं तर? तो स्वतःच स्वतःला कसं तोंड दाखवणार होता? बहिणीवर तो ओरडला ते खरं तर आपल्याच हातावर.

म्हणून नाल्याच्या काठानं जाताना सागाच्या खोडांमधून लांबवर शेंदरी काहीतरी झळकलं, तेव्हा त्यानं मान खाली घातली. वाघदेव. त्यानं वाट सोडली, पळसाच्या झुडपांत शिरला आणि लांबून वळसा घेऊन पलीकडं निघाला. तिथं एक वाट होतीच. रुंद, मळलेली, चांगली वाट. तो तरातरा पुढं झाला. लहानू बोरं खात मागून आला. अन्नपूर्णेनं एकदा मागं वळून वाघदेवाकडं पाहिलं, एकदा भावाच्या पाठीकडं पाहिलं. उजव्या अंगानं वळायचं होतं हे तिला आठवत होतं. पण तिच्या मनात आलं, एवढा शहाणा आहे तर जाऊ दे. ती बोरं वेचू लागली.

वाट चांगली होती, पण चढेना. दुपार कलली. उन्हाचा पट्टा झाडांच्या शेंड्यांवर गेला आणि खाली सावलीत गारठा साचायला लागला. पानांवरून चालताना होणारा आवाज तेवढा सोबतीला. लहानूनं विचारलं, "दादा, चढण कवा लागन?"

"लागन," प्रेमदास म्हणाला.

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं आणि प्रेमदासनं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा लहानूनं विचारलंच नाही, आणि ते प्रेमदासला जास्त लागलं.

वाट संपली ती एका डबक्यापाशी. भोवती मोकळी जागा, शेणाच्या वाळलेल्या गोवऱ्या, खुरांनी उखळलेली माती. माणसांची वाट नव्हतीच ती. गुरं पाण्यावर आणणाऱ्यांची वाट होती, आणि ती इथंच, गुरं बसवायच्या गोठणावर, येऊन थांबत होती. पलीकडं बांबूचं रान उभं होतं. सूर्य डोंगराआड गेला.

प्रेमदास डबक्याच्या काठावर उभा राहिला. मामाच्या दारात आत्ता कंदील लागला असेल. श्रावणबाबा खाटेवर बसून म्हणत असतील, सांगतलं होतं मी, पौष हाय. उद्या उन्हं वर येताच वऱ्हाडी जमतील, आणि लग्न लावणारा माणूस गुरांच्या गोठणावर. 

"बस खाली," अन्नपूर्णा म्हणाली. हिंगणीपासूनचा तिचा हा पहिला शब्द. "आता अंधारात कुठी जातं? लहान्या, लाकडं आण. जाड पाह्य, काटक्या नोको."

वाळल्या गोवऱ्या आयत्या होत्याच. शेकोटी पेटली. भाकरी-ठेचा खाऊन झाला तशी थंडी अंगाला झोंबू लागली. लहानू हात चोळत इकडं तिकडं पाहू लागला.

"घोंगडी कुठी हाय रे?" अन्नपूर्णेनं विचारलं.

लहानूनं डोकं खाजवलं. "टपरीवर."

"बढिया."

"मले का मालूम, आपुन जंगलात मुक्काम करणार हाओ म्हून." मग त्याची नजर प्रेमदासजवळच्या गाठोड्यावर गेली. "बाई, त्या लुगड्याची घडी मोठी हाय बरं."

"नवरीचं हाय ते. हात लावशीन तं पाह्य."

लहानू हसला, आणि मग तिघंही हसले.  प्रेमदास विस्तवाकडं पाहत म्हणाला, "बाई, माही चुकी झाली. वाघदेवापाशी वळायचं होतं. मी पाह्यलंच नाई त्याच्याकडं."

"मी पाह्यलं होतं."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

"राग आलता. चारचौघांत बोलला तू मले." तिनं एक गोवरी विस्तवात सारली. "ते बी माही चुकीच. रागापायी तिघंही जंगलात येऊन बसलो. बोलून टाकलं असतं तं आता मामीच्या हातची भाकर खात बसलो असतो."

लहानूनं मध्येच विचारलं, "पण दादा, पाह्यलं काऊन नाई तू?"

प्रेमदासनं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा मात्र सगळंच बाहेर आलं. देवी आल्या होत्या ते, दर खेपेला जोडलेले हात, बाजारात खाजवलेलं डोकं. लहानूला त्या डोकं खाजवण्याचं हसू फुटत होतं, पण बहिणीचं तोंड पाहून त्यानं ते दाबलं.

"हात उठतीन म्हून भेव वाटते मले," प्रेमदास म्हणाला. "म्हून पाहतच नाई."

अन्नपूर्णेनं विस्तव सारखा केला. मग म्हणाली, "माहा हात जाते कपाळाले. जुनी सवय हाय, जाईन हळूहळू. पण मी तिले भेत नाई. तू भेतं. दगड हाय, दगड हाय म्हून साऱ्या गावाले सांगत फिरतं, अन् दगडाले तोंड लपवतं. असं कोणी दगडाले तोंड लपवते का, प्रेमदास?"

 आपण देव सोडला असं तो वर्षभर समजत होता. नुसताच त्याच्याकडं पाठ करून पळत होतो, हे त्याला त्या गोठणावर कळलं. वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्यात एक मोकळेपणही होतं. पाठीला पाठ लावून तिघं बसले, लहानपणी एका गोधडीत झोपायचे तसे, आणि लहानूच्या घोरण्याला नावं ठेवता ठेवता त्यांनी रात्र काढली.

सकाळी धुकं होतं. दात वाजत होते. गुळाचा खडा तिघांनी वाटून खाल्ला. धुकं विरळ झालं तसा लहानू एका उंच मोहाच्या झाडावर चढला.

"काय पाहू?" वरून त्यानं विचारलं.

अन्नपूर्णा प्रेमदासकडं पाहू लागली. सांगायचं काम तिनं त्याच्यावरच सोडलं होतं.

"मातामायचं निशाण पाह्य," प्रेमदास म्हणाला. "लाल असन. डोंगराच्या माथ्यावर."

लहानूनं बराच वेळ पाहिलं. "हाय. दिसून राह्यलं. आपुन पार उलट्या बाजूले आलो हो, दादा."

बांबू टाळत, नाला ओलांडत, दवानं भिजत ते सरळ निशाणाच्या रोखानं चढले. माथ्यावर कडुलिंबाच्या झाडाखाली मातामाय बसली होती. आणि इथं नवीनच अडचण. ते नेहमीच्या वाटेनं न येता भलत्याच बाजूनं चढले होते. वर्षानुवर्षांच्या शेंदराची पुटं चढून तिचा नुसता गोळा झाला होता. तोंड कुठलं आणि पाठ कुठली, लांबून कळेना. चारी बाजूंना धुक्यातलं रान, आणि खाली उतरणाऱ्या वाटा एकीहून जास्त.

"जवळून पाहावं लागन," अन्नपूर्णा म्हणाली आणि जागची हलली नाही.

प्रेमदासनं फोटोचं गाठोडं लहानूकडं दिलं. तो पुढं झाला. भीती होतीच, खोटं कशाला सांगा. तो त्या शेंदरी गोळ्यासमोर उकिडवा बसला आणि त्यानं पाहिलं. मग दोन्ही हात पुढं केले. हात जोडले गेले नाहीत, कारण त्यांना काम होतं. दवानं निथळणाऱ्या थंडगार दगडावरून तो बोटं फिरवत गेला, या बाजूनं, त्या बाजूनं, आणि एका ठिकाणी त्याला उंचवटा लागला. त्याच्या दोन बाजूंना दोन खळगे.

"नाक सापडलं," तो म्हणाला.

लहानू खो खो हसत सुटला. प्रेमदासही हसला. इतकी वर्षं जिला भ्यायलो तिचं नाक चाचपत बसलोय, याचंच त्याला हसू येत होतं. दगड गार होता. बोटांना शेंदूर लागला होता. याहून दुसरं काही झालं नव्हतं, आणि हे न झालेलं त्याला इतकं बरं वाटलं की तो थोडा वेळ तसाच बसून राहिला. त्या शेंदरामागं तापानं फणफणलेलं आपलं पोर घेऊन चढून आलेली माय त्याला दिसत होती. तिनं तेव्हा दुसरं करायचं तरी काय होतं?

"पाठ इकडं हाय," तो उठून म्हणाला. "चला."

निघताना अन्नपूर्णेचा हात कपाळाकडं गेला. प्रेमदासनं पाहिलं आणि तो काही बोलला नाही.

उतारावर लहानूनं युक्ती काढली. "दादा, तिथं विचारतीन बरं, काऊन उशीर झाला म्हून. वाघ आडवा आलता असं सांगू. रातभर झाडावर बसलतो म्हणू."

युक्ती चांगली होती. वाघ आडवा आला म्हटलं की कोणी पुढं विचारत नाही, उलट चहा देतात. प्रेमदासनं ती मनात घोळवली. ते वस्तीत शिरले तेव्हाही ती त्याच्या जिभेवर होती.

मामाच्या दारात माणसं जमली होती. नवरदेवाकडचे लोक एका बाजूला कुजबुजत होते. मामा धावत आला, भाच्याला चाचपून पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दारातल्या सावलीत नवी कोरी चटई अंथरून तयार होती, आणि मीरा उंबऱ्याआड उभी होती. श्रावणबाबा खाटेवरून उठले नाहीत. त्यांनी काठी जमिनीवर टेकली.

"आला का बाप्पा? आम्ही तं समजलो, आता माघातच येशीन." त्यांनी डोंगराकडं काठी रोखली. "मातामायनं वाट चुकवली म्हणतेत लोक. तिले सोडलं ना तुम्ही."

प्रेमदासला लहानूचा श्वास मागं ऐकू आला. वाघ म्हणायचं, की झालं.

"तिनं नाई चुकवली, बाबा," तो म्हणाला. "मीच चुकलो. वाघदेवापाशी वळायचं होतं. मी त्याच्याकडं पाह्यलंच नाई, मान घालून निघून गेलो अन् गोठणावर जाऊन पडलो."

"काऊन नाई पाह्यलं?"

"भेव वाटलं. हात जोडले जातीन म्हून."

कोणीतरी हसलं. नवरदेवाकडच्या एका माणसानं दुसऱ्याला कोपर मारलं. प्रेमदासचे कान तापले, पण तो थांबला नाही.

"मोठमोठ्या गोष्टी सांगत होतो तुम्हाले, अन् मनातून भेत होतो. आज सकाळी तिच्यापाशी बसलो. हात लावून पाह्यला. दगड हाय, बाबा. चांगला दगड हाय. पाठ इकडं करून बसली हाय, तिच्यानंच वाट सापडली. पौषाचा काही संबंध नाई. चुकी माणसाची होती, माही."

श्रावणबाबांनी त्याच्या हातांकडं पाहिलं. बोटांच्या टोकांना अजून शेंदूर होता. 

"मी बी नाई जात तिकडून," मग ते हलक्या आवाजात म्हणाले. "दीक्षा घेतल्यापासून. लाकडाले जातो तं खालच्या वाटेनं जातो. फेरा पडते लय." त्यांनी घसा खाकरला आणि एकदम मामावर खेकसले, "कवडू, पोरीले सावलीत काऊन बसवतं? पौषाचा गारठा हाय. उन्हात आण ती चटई."

चटई उन्हात आली. मीरा पांढरं लुगडं नेसून, नवरदेवाशेजारी अवघडून बसली. अन्नपूर्णेनं फोटो पाटावर नीट टेकवला. लहानू कोणाची तरी घोंगडी मागून घेऊन भिंतीशी टेकला होता. प्रेमदास सुरुवात करणार, एवढ्यात श्रावणबाबा खाटेवरून उतरले आणि काठी बाजूला ठेवून त्याच्यासमोर पहिल्या रांगेत मांडी घालून बसले.

"तू म्हण, मी मागून म्हणतो," ते म्हणाले. "पण हळूहळू म्हणजो, बाप्पा. मले पाठ नाई."

प्रेमदास एकेक शब्द सुटा करून, अगदी सावकाश म्हणू लागला.